घरी बांधलेला चाशी डायनो: चाकावरची पॉवर इंजिनच्या पॉवरपेक्षा जास्त येतेय, चूक कुठे असेल?

रोलर_४५०

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने सुट्टीचे दिवस घालवून मोटरसायकलसाठी इनर्शिया डायनो बांधला, म्हणजे मागच्या चाकाने जड ड्रम फिरवायचा आणि तो किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून चाकावरची पॉवर काढायची. आता तो फिरतोय, पण आकड्यांवर विश्वास बसत नाहीये.

बांधणी अशी. ड्रम जाड सीमलेस पाइपचा: बाहेरचा व्यास ४५० मिमी, भिंत २५ मिमी, लांबी ४५० मिमी. दोन्ही तोंडांना पाइपच्या आत बसणाऱ्या १६ मिमी जाडीच्या चकत्या वेल्ड केल्या आहेत. मधून ५० मिमीचा, ७०० मिमी लांब शाफ्ट आणि दोन्हीकडे प्लमर ब्लॉक (बेअरिंगच्या बैठका). वेल्डिंग झाल्यावर लेथवर सेंटरांत धरून बाहेरून कट घेतला आणि बॅलन्सिंगही करून घेतलं. शाफ्टसकट काट्यावर वजन १६२ किलो भरलं.

शाफ्टच्या टोकाला २०० मिमीची चकती आहे. तिच्यावर चार चुंबक चिकटवलेत, समोर हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेला की पल्स देणारा), आणि मोजणी अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर.

ड्रमचा इनर्शिया (फिरण्यातला जडपणा) काढताना वजनाला त्रिज्येच्या वर्गाने गुणलं. १६२ गुणिले ०.२२५ चा वर्ग, म्हणजे ८.२ किग्रॅ-मी². त्यावरून पॉवर काढतोय.

माझ्या गाडीच्या इंजिनाची पॉवर माहितीपुस्तिकेत ८००० आरपीएमला १० किलोवॉट दिली आहे. डायनोवर मागच्या चाकाला तीन रनमध्ये ११.६, ११.२ आणि १२.१ आले. गिअरबॉक्स, चेन आणि टायर यांत काही ना काही जाणारच, मग चाकावर इंजिनपेक्षा जास्त कसं येईल? शिवाय ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा येतो.

एका मित्राने सुचवलं की प्रोग्रॅममध्ये ०.७५ ने गुणायची एक ओळ टाक, आकडा बरोबर जागेवर येईल. ते मनाला पटत नाही. पण मग कॅलिब्रेट करायचं तरी कशाच्या आधारावर? आणि हवामानाचा करेक्शन फॅक्टर (हवेच्या दाब-तापमानासाठीची दुरुस्ती) कुठे लावायचा?

मापाडी

ती ०.७५ ची ओळ टाकू नका. माझी तुम्हाला एवढी एकच कळकळीची विनंती आहे, बाकी सगळं त्यानंतर.

मी माझ्या पहिल्या डायनोवर नेमकं हेच केलं होतं. हाताशी एक गाडी होती, तिचा पुस्तिकेतला आकडा होता. चाकावर त्यापेक्षा पंधरा टक्के कमी यायला हवं असं धरलं आणि तसा गुणक बसवला. पुढे वर्षभर त्याच गुणकावर गाड्या मोजल्या, लोकांना ग्राफ छापून दिले. मग त्या पहिल्या गाडीचं मागचं चाक कामासाठी काढलं, तेव्हा कळलं की ब्रेकचा शू ड्रमला घासत होता. ब्रेकने खाल्लेली पॉवर मी गुणकात कोंबून ठेवली होती आणि ती त्यानंतरच्या प्रत्येक गाडीला फुकटात वाटत होतो. ज्यांना ग्राफ दिले होते त्या प्रत्येकाला फोन करून ते रद्द असल्याचं सांगावं लागलं. डायनोचं कॅलिब्रेशन वजन, लांबी आणि वेळ या तीन मापांतून यायला हवं. त्यात गाडीचा काहीही संबंध येता कामा नये.

आता तुमची चूक. वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग हे सूत्र तेव्हाच चालतं जेव्हा सगळंच्या सगळं वजन परिघावर बसलेलं असतं. तुमच्या ड्रमचं तसं नाही. भाग वेगळे करून बघू. पोलादाची घनता ७८५० किग्रॅ प्रति घनमीटर धरली आहे.

पाइपचं वजन ११७.९ किलो येतं. जाड नळीसाठी आतली आणि बाहेरची, दोन्ही त्रिज्यांचे वर्ग मिळवायचे, त्याला वजनाने गुणायचं आणि निम्मं करायचं. ०.२०० आणि ०.२२५ यांच्या वर्गांची बेरीज ०.०९०६, म्हणून पाइपचा इनर्शिया ५.३४. चकत्या प्रत्येकी १५.८ किलोच्या. भरीव चकतीला निम्मं वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ०.३२, दोन्ही मिळून ०.६३. आणि शाफ्ट बघा: वजन १०.८ किलो, पण इनर्शिया फक्त ०.००३४! तुम्ही त्या शाफ्टचं वजन परिघावर नेऊन ठेवलं होतं, एवढ्या एकट्या गोष्टीने अर्धा एकक वाढला.

एकूण ५.९८ झाले. तुमचे ११.६ किलोवॉट या हिशेबाने साडेआठच्या आसपास येतात. १० किलोवॉटच्या इंजिनाला चाकावर साडेआठ म्हणजे कोणालाही पटेल असा आकडा. पण पटतोय म्हणून तिथे थांबू नका. माझा हिशेब कागदावरचा आहे, आणि कागदी हिशेब ड्रमची खरी जाडी जाणत नाही. इथे कागद १६०.३ किलो म्हणतो आणि काटा १६२. जाड पाइपच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. भिंत अर्धा मिमी जास्त निघाली तर इनर्शिया दीड टक्क्याने वाढतो. तेव्हा प्रत्यक्ष मोजा.

पद्धत जुनी आणि साधी आहे. फ्रेम चेन पुलीने उचलून भक्कम घोड्यांवर ठेवा, म्हणजे ड्रमखाली दीड मीटर मोकळी जागा मिळेल. ताणली न जाणारी ६ मिमीची दोरी ड्रमवर एकाच थरात गुंडाळा. दोरीचं आतलं टोक बांधायचं नाही, एका बोथट खिळ्यात नुसतं अडकवायचं, म्हणजे दोरी संपली की ती आपोआप सुटेल. खाली वाळूचं पोतं. दोरीला २० किलोचं वजन लावायचं (हूकसकट तोलून घ्या), दोरी ताठ करायची आणि ड्रम सोडायचा.

दोन गोष्टी नोंदवायच्या. वजन खाली येत असताना ड्रम किती त्वरणाने वेग घेतो, आणि वजन पोत्यावर टेकल्यावर मोकळा ड्रम किती त्वरणाने मंदावतो. दुसरा आकडा बेअरिंगच्या घर्षणाचा हिशेब चुकता करतो. मग:

इनर्शिया = वजन × त्रिज्या × (९.८१ − त्रिज्या × पहिलं त्वरण) ÷ (पहिलं त्वरण + दुसरं त्वरण)

त्वरण रेडियन प्रति सेकंद वर्ग, त्रिज्या मीटरमध्ये. कंसातली वजाबाकी विसरू नका. वजन स्वतःही वेग घेत असतं, त्यामुळे दोरीतला ताण त्याच्या पूर्ण भाराएवढा नसतो. निदान दोन वेगवेगळ्या वजनांनी करा. दोन्हींतून उत्तर सारखं आलं तरच घर्षण नीट धरलं गेलंय.

पल्समोजणी

करवतीच्या दात्यांबद्दल मी सांगतो, ते सेन्सरचं दुखणं आहे.

२०० मिमीच्या चकतीवर चार चुंबक, म्हणजे दोन चुंबकांत १५७ मिमीचा कंस. त्यातला एक १ मिमी सरकून चिकटला असेल तर त्या टप्प्यात वेग ०.६ टक्क्याने चुकीचा दिसतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ९०० आरपीएमला एक टप्पा १६.७ मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात वेग ०.६ टक्क्याने बदलल्याचा भास झाला तर खोटं त्वरण ३६ रेडियन प्रति सेकंद वर्ग येतं. तुमच्या गाडीचं खरं त्वरण त्या वेगाला १५ च्या आसपास असेल. खऱ्याच्या दुप्पट खोटं, म्हणून करवत.

लगेच करण्यासारखा उपाय: एका चुंबकापासून त्याच चुंबकापर्यंत, म्हणजे पूर्ण फेरीचाच वेळ धरा. चुंबक कुठेही चिकटलेला असो, फेरी पूर्ण फेरीच असते. कायमचा उपाय म्हणजे ६० दात्यांची चकती आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर. तिथेही एका दात्याचा वेळ धरू नका. पूर्ण फेरीची खिडकी एकेक दात्याने पुढे सरकवत न्या. वजन टाकायच्या चाचणीत मात्र ड्रम जेमतेम एक फेरी फिरणार आहे. तेव्हा दात्यांचा अनुक्रमांक आणि वेळ यांच्यातून परवलय (पॅराबोला) बसवा आणि त्वरण त्यातून काढा.

वेळ वाचायला मायक्रोज फंक्शन वापरत असाल तर तुमच्या बोर्डवर ते ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी मोजतं. पूर्ण फेरीला चालून जाईल, एकेका दात्याला नाही. टायमरचं इनपुट कॅप्चर (पल्स येताच चिप स्वतःच वेळ टिपते) वापरलं तर ६२.५ नॅनोसेकंदांपर्यंत जाता येतं, फक्त १६ बिटांचा टायमर दर ४.०९६ मिलिसेकंदांनी उलटतो ते प्रोग्रॅममध्ये धरा.

पॉवरसाठी वेगाचा उतार काढत बसू नका. लागोपाठच्या दोन फेऱ्यांच्या गतिज ऊर्जेतला फरक घ्या आणि मधल्या वेळाने भागा. तेच गणित आहे, पण खडखडाट कमी.

आणखी एक, याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. उनोवरच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्यात अर्धा टक्का फरक सहज असू शकतो. पॉवरच्या हिशेबात वेळ तीनदा भाजकात येते, एकदा वेगात आणि दोनदा त्वरणात. म्हणून अर्धा टक्क्याचा दीड टक्का होतो. बोर्डला एक तास मोजायला लावा आणि फोनच्या घड्याळाशी ताडून बघा. तासाला १८ सेकंदांचा फरक म्हणजे अर्धा टक्का. जो निघेल तो प्रोग्रॅममध्ये दुरुस्त करा. हा गुणक चालेल, कारण तो घड्याळावरून आलाय.

चेनसेट

आकड्यांच्या आधी, रोलरदादा, ते चिकटवलेले चुंबक आजच काढा. ताशी ८० किमीला तुमचा ड्रम ९४० आरपीएमच्या पुढे फिरतो आणि त्याच्यात २९ किलोज्यूल ऊर्जा असते. १६२ किलोचा ड्रम साधारण १८ मीटर उंचीवरून खाली येण्याएवढी. ड्रमभोवती पत्र्याचं नाही, जाड प्लेटचं कडं हवं. फ्रेम जमिनीला बोल्टने बांधलेली हवी, पुढचं चाक क्लॅम्पमध्ये आणि रन चालू असताना गाडीच्या मागे कोणीही उभं नको. एक्झॉस्ट बाहेर काढणारा पंखा नसेल तर बंद खोलीत रन घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टायरबद्दल: पट्टे आवळण्याचा जोर आणि टायरची हवा बदलली की आकडा बदलतो. एवढ्या लहान ड्रमवर टायर जास्त दबतो आणि जास्त पॉवर खातो. हवा ठरवून घ्या आणि पट्टा कुठवर ओढायचा तिथे खूण करून ठेवा. तुमच्या तीन रनमधला फरक बराचसा इथलाच असू शकतो, कारण पहिल्या रनला टायर थंड असतो.

घसरण ओळखायची तर इंजिनाचे आरपीएम भागिले ड्रमचे आरपीएम काढा. एका गिअरमध्ये हे गुणोत्तर रनभर स्थिर राहायला हवं. पिकअपच्या जागी वाढलं तर टायर किंवा क्लच घसरतोय. प्लगच्या वायरवरून आरपीएम घेत असाल तर जपून. बऱ्याच सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक गाड्या प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतात, दोन फेऱ्यांतून एकदा नाही. तिथे घोळ झाला तर पॉवर बरोबर येईल आणि टॉर्क निम्मा किंवा दुप्पट दिसेल.

एक सुचवतो. ड्रमला माहीत असलेल्या इनर्शियाच्या दोन चकत्या बोल्टने जोडून तीच गाडी परत पळवली तर? पॉवर तेवढीच आली की इनर्शिया बरोबर.

मापाडी

चेनसेट, सुरक्षेबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मान्य.  

चकत्यांची कल्पना चांगली आहे, पण ती किती बारीक चूक पकडेल ते बघू. ४०० मिमी व्यासाच्या, २० मिमी जाडीच्या दोन चकत्या मिळून ०.७९ देतात. रोलरदादांचा चुकीचा ८.२ हाच आकडा ठेवून ही चाचणी केली असती, तर पॉवर पहिल्या रनला ३७ टक्के जास्त आणि चकत्या लावून ३३ टक्के जास्त दिसली असती. म्हणजे ३७ टक्क्यांची घोडचूक असूनही दोन रनमध्ये फरक फक्त ३ टक्क्यांचा (१.३७ भागिले १.३३), आणि तेवढा तर थंड-गरम टायरनेही पडतो. जोडलेला इनर्शिया मूळ ड्रमच्या जवळपास असेल तरच ही चाचणी बोलकी होते. वजन टाकणंच बरं.

रोलर_४५०

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे लागले, पण केलं.

चुंबक काढले. ६० दात्यांची चकती कापून घेतली, शाफ्टला कीने बसवली. बोर्ड तासाला ११ सेकंद पुढे होता, ते दुरुस्त केलं. ड्रमभोवती कडं बसवलं.

वजनाची चाचणी: २० किलोला पहिलं त्वरण ६.१४, दुसरं ०.२०. त्रिज्या ०.२२५ धरून इनर्शिया ५.९८ आला. कागदावरच्या आकड्याशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळला! आनंदाने रात्री झोप लागली नाही. सकाळी वही परत उघडली तेव्हा लक्षात आलं की दोरी ६ मिमीची आहे. ओढ दोरीच्या मध्यातून लागते, तेव्हा त्रिज्या ०.२२८ धरायला हवी. तशी धरली तर ६.०५ येतो. १० किलोला त्वरण ३.२४ आणि ०.२० मिळालं, त्यातून ६.०१. मग ड्रमच्या तोंडावरून पाइपची भिंत आठ ठिकाणी मोजली, सरासरी २५.३ मिमी भरली. ती जाडी घालून कागदी हिशेब ६.०३ होतो. तोच धरला आहे.

नवीन रन, टायर गरम करून, हवा आणि पट्टा ठरवून: ८.५, ८.६, ८.५. ग्राफ गुळगुळीत. गुणोत्तर रनभर स्थिर.

दोन शंका. ड्रमचं घर्षण पॉवरमध्ये मिळवायचं का? आणि करेक्शन फॅक्टर?

मापाडी

दोरीची निम्मी जाडी तुम्ही स्वतः पकडलीत, तेही आकडा जुळलेला असताना. मला फार बरं वाटलं.

घर्षण मिळवायचं, पण ड्रमचं स्वतःचंच. ०.२० गुणिले ६.०३, म्हणजे १.२ न्यूटन-मीटर. ताशी ८० किमीला ते ०.१२ किलोवॉट होतं. ही मापणी मंद वेगाची आहे. ड्रम वरच्या वेगाला नेऊन, गाडी उचलून, मोकळा मंदावू द्या आणि वेगानुसार घर्षणाचा तक्ता करा. वाऱ्याचा विरोध त्यात आपोआप येईल. क्लच दाबून गाडीसकट मंदावू दिलं तर टायर, चेन आणि गिअरबॉक्सचा काही भागही दिसतो. तो आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. त्याला इंजिनाची पॉवर म्हणू नका, कारण जोर लावताना टायर जेवढं खातो तेवढं मोकळं फिरताना खात नाही.

फॅक्टर सगळ्यात शेवटी लावायचा आणि न लावलेला आकडा शेजारी छापायचा. एसएई जे१३४९ या मानकात संदर्भ २५ अंश सेल्सिअस आणि ९९० हेक्टोपास्कल कोरड्या हवेचा दाब असा आहे. ९९० ला तुमच्या कोरड्या दाबाने भागा, त्याला (तापमान अधिक २७३) भागिले २९८ याच्या वर्गमूळाने गुणा, मग १.१८ ने गुणा आणि ०.१८ वजा करा. ३५ अंश आणि ९६० हेक्टोपास्कलला १.०५७ येतो. दाब हवामानाच्या ॲपवरून घेऊ नका. तिथे समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो, आपल्याला जागेवरचा हवा. त्यातून पाण्याच्या वाफेचा दाब वजा करायचा. तापमान इंजिन जिथून हवा ओढतं तिथलं घ्या, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नाही.

आणि पुस्तिकेतला आकडा किलोवॉटमध्ये आहे की पीएसमध्ये ते एकदा नक्की बघा. एक पीएस ७३५.५ वॉट, एक एचपी ७४५.७.

रोलर_४५०

किलोवॉटच आहे, बघितलं. बॅरोमीटरचा सेन्सर एअर फिल्टरच्या तोंडाशी लावतोय. घर्षणाचा तक्ता झाला की इथे टाकतो. तोवर वर लिहिलेले ८.५, ८.६, ८.५ हे घर्षण न मिळवलेले आणि फॅक्टर न लावलेले आकडे आहेत असं समजा. सुरुवातीच्या पोस्टमधले तीन रन मी वहीत खोडले आहेत.